परीक्षा ओळखणारी गाडी

चढावर सायकलवाला आपल्याला मागे टाकून गेला, याचं जावयाला फारसं वाईट वाटलं नाही. सायकलवाले तरुण असतात, त्यांच्या पोटऱ्या घट्ट असतात, आणि त्यांना घरी पोचायची घाई असते. वाईट याचं वाटलं, की पुढे जाता जाता तो मान वळवून म्हणाला, "काका, हँडब्रेक ओढलेला राहिलाय का बघा."

हँडब्रेक ओढलेला नव्हता. शिवाय जावई अजून काका म्हणवून घेण्याच्या वयाचा झालेला नव्हता. पण त्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, कण्हणाऱ्या गाडीच्या आत बसून या दोन्ही गोष्टी सिद्ध करणं अवघड होतं.

ऑफिसात त्याला साहेब म्हणणारी माणसं होती. पण गाडी सासऱ्यांची होती, आणि सासऱ्यांच्या गाडीत बसलेला माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी जावईच असतो. सासऱ्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं सोडलं आणि थोरल्या मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला जाताना ती थोरल्या जावयाकडे ठेवली. दिली नाही, ठेवली. कागदोपत्री ती अजून त्यांचीच होती. डिझेलची, पांढरी, आणि सासऱ्यांसारखीच आयुष्यात कधी घाई न केलेली.

परवाच त्यांचा फोन आला होता. "जावईबापू, गाडीची सरकारी तपासणी जवळ आलीय. मालक म्हणून मला यावं लागेल. पास झाली, की तुमच्या नावावर करून टाकतो. नापास झाली, तर धाकट्या जावयांकडे देतो. ते निगा राखतील."

धाकटे जावई, म्हणजे याचा साडू, हा हॉटेलची खोली सोडतानासुद्धा पलंगाची चादर नीट करून निघणारा माणूस. अशा माणसाच्या हातात गाडी गेली असती, तर जावई बसने ऑफिसला गेला असता, तेही चाललं असतं. पण दर कौटुंबिक समारंभाला साडू त्याच गाडीतून त्याला घ्यायला आला असता आणि दार उघडून धरलं असतं, हे चालण्यासारखं नव्हतं.

म्हणजे गाडी पास होणं आवश्यक होतं. आणि एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी: गाडी त्या वेळी होती तशी नेली असती, तर मुकाट्याने पास झाली असती. तिच्यात पळण्याची ताकद नव्हती, तशी धूर काढण्याचीही नव्हती. पण सायकलवाला "काका" म्हणाला होता.

जावयाने हे दुःख इमारतीच्या जिन्यात एकदाच बोलून दाखवलं. जिन्यात बोललेलं दुःख खाजगी राहत नाही. वरच्या मजल्यावरचे काका रात्री जेवणं झाल्यावर मुद्दाम खाली आले. "टाकीत डांबराच्या गोळ्या टाका. आमच्या तरुणपणी सगळे टाकायचे." जावयाने टाकल्या. गाडीला वेग आला नाही, पण धुराला जुन्या कपाटाचा वास येऊ लागला आणि मागून येणाऱ्या वाहनांमधली कसर बहुधा कायमची गेली.

समोरच्या वहिनींचं निदान वेगळं होतं. "वजन कमी करा हो. माझ्या नणंदेने डिकीतलं सामान काढलं, तर गाडी हरणासारखी पळायला लागली." जावयाने स्टेपनी काढली, जॅक काढला, औषधांची पेटी काढली, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण काढला. हे सगळं बाल्कनीत रचलेलं पाहून बायको म्हणाली, "आता गाडीत एकच जड वस्तू उरलीय. ती स्टिअरिंगवर बसते."

शेवटी ऑफिसातल्या सहकाऱ्याने त्याला बाजूला घेतलं आणि मुलीसाठी स्थळ सुचवावं अशा आवाजात सांगितलं, "तुझ्या गाडीला काही झालेलं नाही. तिचं सॉफ्टवेअर बदल. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे."

हा डॉक्टर एका गोदामाच्या मागच्या अंगाला बसायचा. त्याला डॉक्टर का म्हणतात हे विचारायची गरज नव्हती; त्याने पांढरा कोट घातला होता, आणि तो मुळात कुणाचा असावा हेही विचारायची सोय नव्हती. त्याने डॅशबोर्डखाली एक वायर खुपसली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि पडद्याकडे बघत हळहळला.

"झोपवलीय हो हिला."

"कोणी?"

"कंपनीने! सगळ्या जगात विकायची म्हणून सगळ्या जगाचे नियम हिच्या डोक्यात भरलेत. एवढा धूर सोडायचा नाही, एवढा आवाज करायचा नाही, एवढं डिझेल प्यायचं नाही. इतकं दडपण घेऊन कोण पळेल, साहेब? तुम्ही पळाल?"

जावयाचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत त्याच्या परिस्थितीचं इतकं अचूक वर्णन कोणी केलं नव्हतं, आणि आता केलं तेही गाडीच्या निमित्ताने. तो म्हणाला, "जागं करा तिला."

डॉक्टरने जागं केलं. जुना मेंदू पेनड्राइव्हमध्ये काढून ठेवला आणि नवीन आत सोडला. दुसऱ्या दिवशी त्या चढावर जावयाने दोन सायकली, एक टेम्पो आणि एक रुग्णवाहिका मागे टाकली. रुग्णवाहिकेच्या बाबतीत त्याला नंतर थोडी लाज वाटली. पण ती रिकामी असावी असं त्याने ठरवलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आज मी पुरुष असल्यासारखं वाटलं."

"काळा पडलायस," बायको म्हणाली. "तोंड धू."

हा पहिला इशारा होता. दुसरा समोरच्या वहिनींकडून आला. त्यांनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी करड्या होऊन आत आल्या. "रंग छान आहे," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पण मी मागितला नव्हता." गाडी सुरू केली की मागे असा काही लोट उठायचा, की वरचे काका खिडक्या लावून घ्यायचे आणि आतून ओरडायचे, "गोळ्या जास्त झाल्या असतील! निम्म्या करा!"

जावयाला आता तपासणी आठवली. पेट्रोल पंपाशेजारी धूर मोजणाऱ्याची टपरी होती, तिथे तो रंगीत तालीम म्हणून गेला. टपरीवाल्याने नळी लावली, आकडा पाहिला, मग वाकून गाडीखाली पाहिलं.

"काय शोधताय?"

"काही नाही. गाडीच आहे ना, एवढं बघितलं. मला वाटलं वीटभट्टी."

जावई तडक डॉक्टरकडे गेला. "जुना मेंदू परत घाला."

डॉक्टरने कोटाच्या खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवला. "त्याचं काय झालं, माझ्या मेहुण्याला लग्नाचे फोटो न्यायचे होते. पेनड्राइव्ह एकच."

"मग?"

"मग मेंदू पुसला आणि फोटो भरले."

लग्नापायी मेंदू पुसला गेल्याची उदाहरणं जावयाने पूर्वीही पाहिली होती, पण ती इतकी शब्दशः नव्हती. तो तिथल्याच एका टायरवर मटकन बसला आणि त्याने सगळं सांगितलं: सासरे, साडू, चादर, उघडून धरलेलं दार. डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टर लोकांना असं ऐकायची सवय असते.

"गाडीला परीक्षा ओळखायला शिकवू," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"असं बघा. तपासणीत गाडी उभी असते. इंजिन पळतं, पण स्टिअरिंग हलत नाही. रस्त्यावर माणूस स्टिअरिंग सारखं हलवतो, नकळत का होईना. बरोबर? मग तिला सांगून ठेवायचं: स्टिअरिंग हलत नाहीये, म्हणजे परीक्षा चालू आहे. लगेच शहाण्यासारखं वागायचं. हललं, की मोकळी."

"पण ही फसवणूक झाली."

डॉक्टर दुखावला. "पाहुणे यायचे असले की तुम्ही घर आवरता ना? ती फसवणूक? तपासणीच्या वेळी गाडी खरोखरच स्वच्छ धूर सोडणार आहे. यात खोटं काय ते दाखवा."

जावयाला यात खोटं काय ते अगदी स्पष्ट दिसत होतं, पण दाखवता येईना. अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो ते त्याने केलं. मान हलवली आणि दुसरीकडे बघत राहिला.

आता डॉक्टरने हिशेब केला होता तो उभ्या गाडीचा. रस्ता सरळ असू शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. जावई मोठ्या रस्त्याला लागला, स्टिअरिंग क्षणभर स्थिर राहिलं, आणि गाडीला वाटलं परीक्षा सुरू झाली. तिने श्वास रोखून धरला. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. जावयाने घाबरून स्टिअरिंग जरा हलवलं, तशी ती चवताळून सुटली. पुन्हा सरळ, पुन्हा परीक्षा. थोड्याच वेळात त्याला सूत्र सापडलं: सरळ रस्त्यावर वेगात जायचं असेल तर नागमोडी जायचं.

वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली ती अगदी योग्य होती. त्याने यंत्र तोंडासमोर धरलं. "फुंका."

जावयाने फुंकलं. पोलिसाने आकडा पाहिला, यंत्र झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. प्यायलेला नव्हताच. त्या आठवड्यात त्या गाडीतलं कोणीतरी तपासणीत पास झालं, याचं जावयाला तेवढ्यातही समाधान वाटलं.

"मग गाडी अशी वाकडीतिकडी का चालवता?"

"साहेब, सरळ चालवली की ती प्रामाणिक होते."

पोलिसाने यंत्र बाजूला ठेवलं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "घरी कोण कोण असतं?"

"बायको."

"त्यांना सगळं सांगत जा. मनात ठेवू नका. आता सरळ घरी जा."

"सरळ नाही जाता येत, साहेब," जावई म्हणाला आणि वळणं घेत निघून गेला. पोलीस तो दिसेनासा होईपर्यंत काळजीने बघत होता.

बायकोला त्याने खरंच सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "तुला माहितीये बाबा कोण होते? भरारी पथकाचे प्रमुख! परीक्षा चालू असताना शाळेत अचानक धडकायचं आणि कॉपी करणारी मुलं पकडायची, हे काम केलंय त्यांनी जन्मभर. मुलाची मान बघून सांगायचे, चिठ्ठी कुठल्या मोज्यात आहे ते. आणि तू त्यांच्याच गाडीला कॉपी करायला शिकवलंस?"

"माणसाची मान बघतात," जावई क्षीणपणे म्हणाला. "गाडीला मान नसते."

सासरे आले. ठेंगणे, इस्त्रीचे, हातात घडी घातलेला रुमाल. तपासणीच्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावून रस्त्याकडे बघू लागले. जावयाने गाडी सरळ ठेवली. ती गोगलगायीच्या गतीने निघाली. "छान शांत चालते," सासरे म्हणाले. मग चढ आला, आणि शांतपणे चढणं शक्य नव्हतं. जावयाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे घुसळायला सुरुवात केली.

"खड्डे चुकवताय का, जावईबापू?"

"हो, बाबा."

"मला एकही दिसला नाही."

"म्हणजे चुकले ना, बाबा."

 सासऱ्यांनी फक्त एकदा जावयाच्या मानेकडे पाहिलं. जावयाला इतका घाम फुटला की स्टिअरिंग हातातून निसटू लागलं.

तपासणी कार्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग होती आणि एक अधिकारी होता. हा अधिकारी शांत होता. ज्याला घरी जायची वेळ ठरलेली असते असा शांत.

"स्टेपनी?"

"घरी."

"जॅक?"

"घरी."

"औषधपेटी? त्रिकोण?"

"घरी. सगळं बाल्कनीत आहे."

"गाडी बरोबर आणलीत हे बरं केलंत," अधिकारी म्हणाला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळला.

फोन गेला. बायको टॅक्सीने आली, स्टेपनी मांडीवर घेऊन. बाकीचं तिने पिशवीत कोंबलं होतं. उतरताना तिने ते चाक नवऱ्याच्या हातात दिलं आणि वडिलांसमोर फक्त एवढंच म्हणाली, "अजून काही विसरलं असेल तर आत्ताच सांग." तिच्या नजरेत मात्र बरंच काही होतं.

पुन्हा रांग. पुन्हा खिडकी. मालक कोण? हे. मग मालकांनी स्टिअरिंगवर बसायचं.

"आजोबा," अधिकारी म्हणाला, "स्टिअरिंग सरळ धरा. हलवू नका. मी सांगेन तेव्हा पाय दाबा."

सासऱ्यांना परीक्षेतली शिस्त कोणी शिकवायची गरज नव्हती. ते पुतळ्यासारखे बसले. पाय दाबला. इंजिन गुरगुरलं. अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, यंत्रावर टिचकी मारली आणि धुराड्यात नळी नीट गेलीय ना ते पाहून आला. मग त्याने नळी बाहेर काढून नुसती हवेत धरली.

"कमाल आहे. आमच्या आवारातली हवा तुमच्या धुरापेक्षा घाण आहे."

आतले कारकून बाहेर आले. एकाने धुराड्यासमोर तोंड नेऊन खोल श्वास घेतला आणि बरं वाटलं म्हणून सांगितलं. जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मात्र वडिलांकडे बघत होती.

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. मग तो जागच्या जागी थांबला. "इतके मार्क?" ते स्वतःशीच म्हणाले. "या वयात? एकदम?"

विचार करताना रुमालाने समोरची वस्तू पुसायची त्यांना सवय. समोर स्टिअरिंग होतं, जावयाच्या घामाने चिकट झालेलं. पाय अजून दाबलेला. त्यांनी स्टिअरिंग पुसलं, आणि पुसलं म्हणजे ते हललं.

जो लोट निघाला, त्यात आधी कारकून दिसेनासे झाले, मग अधिकारी. सासऱ्यांनी हात थांबवला. धूर थांबला. त्यांनी स्टिअरिंग बोटभर डावीकडे केलं. धूर. थांबवलं. स्वच्छ. पुन्हा उजवीकडे. धूर. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती कुठल्याही ऑपरेशनने येण्यासारखी नव्हती. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी सापडलं नव्हतं.

ते गाडीतून उतरले. "साहेब, नापास करा हिला. ही कॉपी करतेय."

अधिकारी तोंड पुसत होता. "आजोबा, आकडा छापून झाला. पास आहे."

"अहो, तुमच्या तोंडावर धूर सोडला तिने!"

"तो परीक्षा झाल्यावर सोडला. नियमात काय लिहिलंय? स्टिअरिंग सरळ. सरळ असताना तिने काय सोडलं? काही नाही. पास."

"मी मालक आहे. मी सांगतोय, नापास करा!"

"यंत्रातून निघालेला आकडा मला परत यंत्रात घालता येत नाही. तक्रार असेल तर वरच्या मजल्यावर जा. पण तिथे नापास झालेल्यांची तक्रार घेतात. पास झालेल्याची घ्यायला माणूस नेमलेला नाही."

सासरे वर गेले आणि खाली आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. आपलीच गाडी नापास व्हावी म्हणून भांडणारा माणूस त्या कार्यालयाने पूर्वी पाहिला नव्हता. रांगेतले लोक आपला नंबर सोडून बघायला आले. एक जण हळूच जावयाला म्हणाला, "तुमच्याऐवजी माझी पास करतील का, विचारा ना."

शेवटी सासरे दमून जावयासमोर उभे राहिले. प्रमाणपत्र त्यांच्या हातात होतं.

"गाडीचा दोष नाही," ते म्हणाले. "परीक्षेला बसलेलं पोर स्वतःहून काही आणत नाही. खिडकीतून चिठ्ठी टाकणारा नेहमी घरचाच असतो."

जावयाच्या डोक्यात डॉक्टरचं नाव सांगण्याचा, कंपनीवर ढकलण्याचा, डांबराच्या गोळ्यांना दोष देण्याचा विचार येऊन गेला. मग त्याला साडू दार उघडून धरताना दिसला, आणि का कोण जाणे, त्या दारातून जाणंच सोपं वाटलं.

"मीच टाकली, बाबा," तो म्हणाला. "एक सायकलवाला मला काका म्हणाला होता."

बायकोने डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पास झाली तर तुमची, असं मी म्हणालो होतो. तिला नापास करायला मी काय काय केलं ते तुम्ही पाहिलंत. ती पास झाली. मी शब्द फिरवत नाही." आणि त्यांनी तिथल्याच खिडकीवर सही करून गाडी जावयाच्या नावावर केली. साडूच्या हातात जाता जाता वाचलेली गाडी इतक्या सहज मिळेल असं जावयाला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं, आणि तसं ते नव्हतंही.

कारण मग सासरे मागच्या सीटवर, बरोबर मधोमध, जावयाचे दोन्ही हात दिसतील असे बसले. बायकोने तेवढ्यात कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला होता. खरा मेंदू मिळेल का? मिळेल, पण मॉडेल जुनं आहे, मुख्यालयाला कळवावं लागेल. कधी येईल? आल्यावर कळवतो.

"मी इथे किती दिवस राहायचं ते ठरवलं नव्हतं," सासरे म्हणाले. "आता ठरलं. तो मेंदू येईपर्यंत. चला. स्टिअरिंग हलवायचं नाही."

गाडी मुंगीच्या पावलांनी फाटकाबाहेर पडली. आता ती जावयाची होती. मागे हॉर्न वाजत होते, शेजारून एक आजीबाई काठी टेकत पुढे निघून गेल्या, आणि मानेवर सासऱ्यांची नजर ऊन लागावं तशी लागत होती. तेवढ्यात समोर घराकडचं वळण दिसलं. वळणावर स्टिअरिंग हलवावंच लागतं. त्याला कोणाचा इलाज नाही. जावयाच्या अंगात उत्साह संचारला. त्याने इंडिकेटर दिला.

मागून खांद्यावर रुमाल टेकला.

"इथून नको. पुढून घ्या, तो रस्ता सरळ जातो."

"बाबा, तो फार लांबून जातो."

"जाऊ दे," सासरे म्हणाले. "पेपर संपायला अजून वेळ आहे."